पाहणाऱ्याचे दप्तर

खेळ असो वा नाटक, ते करणाऱ्यांची दखल घेणारा कोणी ना कोणी असतोच. धावा मोजणारा असतो, बक्षीस देणारा असतो, वर्तमानपत्रात चार ओळी लिहिणारा असतो. परंतु ते पाहणाऱ्याने आयुष्यभरात काय काय पाहिले, कोणत्या दिवशी तो कोणत्या मैदानाच्या कडेला किंवा कोणत्या देवळाच्या आवारात बसला होता, त्याच्या डोळ्यांदेखत कोण जिंकले, कोण हरले, कोणी कोणती भूमिका केली, याची नोंद दुसरे कोणीही ठेवीत नाही. ती ठेवायची असेल तर त्याची त्यानेच ठेवावी लागते. अशा नोंदीकडे आपण आजवर रिकामपणाचा उद्योग म्हणूनच पाहत आलो. मला मात्र ती फार मोलाची वाटते, आणि ज्या किनाऱ्यावर मी राहतो त्या मालवणच्या किनाऱ्यावर तर ती इतर अनेक ठिकाणांहून अधिक मोलाची आहे, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आरंभ जरा दूरवरून करावा लागेल.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे, त्याच्या प्रेक्षकांनी हा छंद पिढ्यान् पिढ्या निष्ठेने चालविला आहे. आपल्या वाचकांस क्रिकेट ठाऊक आहे, म्हणून त्याच्याच आधाराने सांगतो. दोन्ही पक्षांत नऊ-नऊ खेळाडू. दोघांनाही आळीपाळीने नऊ डाव. गोलंदाजाच्या जागी पिचर, यष्टिरक्षकाच्या जागी कॅचर. आणि फलंदाज चेंडू टोलवून चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील तळ एकामागून एक गाठीत मूळ जागी परतला, की एक धाव. मैदानावरील नऊ जागांना एक ते नऊ असे अंक नेमून दिलेले आहेत: पिचर एक, कॅचर दोन, पहिल्या तळावरचा तीन, दुसऱ्यावरचा चार, तिसऱ्यावरचा पाच, दुसऱ्या आणि तिसऱ्या तळामध्ये उभा राहणारा सहा, आणि बाहेरचे तिघे सात, आठ, नऊ. त्यामुळे प्रेक्षकाने आपल्या कागदावर ‘६-४-३’ एवढेच लिहिले, तरी सहाव्याने चेंडू अडवून चौथ्याकडे फेकला, चौथ्याने तिसऱ्याकडे, आणि एका झटक्यात दोन गडी बाद झाले, हा सगळा प्रसंग त्या तीन अंकांत साठविला जातो. पन्नास वर्षांनी तो कागद हाती घेणाऱ्या नातवालाही तो प्रसंग जसाच्या तसा उभा करता येतो.

सामन्याचा हा गोषवारा छापण्याच्या पद्धतीला रूप देणारा हेन्री चॅडविक हा गृहस्थ मूळचा इंग्लंडातला. त्याचा जन्म १८२४ सालचा. लहानपणीच तो कुटुंबासह अमेरिकेत गेला, तेथे क्रिकेटचे वृत्तांत लिहू लागला, आणि पुढे बेसबॉलकडे वळताना क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त त्याने बरोबर नेली. म्हणजे आज बेसबॉलच्या प्रेक्षकाच्या मांडीवर जो आखीव कागद असतो त्याचे एक मूळ, आपल्या शाळेच्या मैदानावर पडवीत बसून धावा मांडणाऱ्या मुलाच्या वहीशी नाते सांगणारे आहे.

आता या प्रेक्षकाचे वैयक्तिक दप्तर कसे असते ते पाहू. बेसबॉलच्या मुख्य संघटनेत तीस संघ आहेत, आणि प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. त्यांपैकी ८१ स्वतःच्या गावी. एवढे सगळे पाहणे नोकरदार माणसाला अशक्यच असते. तो त्यांतले दहा पाहतो, पंधरा पाहतो, आणि घरी आल्यावर आपल्या वहीत तारीख, मैदान, प्रतिपक्ष, निकाल, आरंभीचा पिचर, कोणी होम रन मारली, हवा कशी होती, सोबत कोण होते हे लिहून ठेवतो. वर्षे लोटतात, आणि या कच्च्या रोजकीर्दीवरून तो हळूहळू खतावणी तयार करू लागतो: मी हजर असताना माझा संघ किती वेळा जिंकला, अमुक फलंदाजाची सरासरी सर्व जगासाठी काहीही असो, माझ्या डोळ्यांसमोर ती किती भरली, तीसपैकी किती मैदानांवर मी बसलो, आणि सत्तावीस फलंदाज ओळीने येऊन त्यांतला एकही पहिल्या तळापर्यंत पोचला नाही, असा तो निर्दोष सामना माझ्या नशिबी कधी आला काय. हा शेवटला योग किती दुर्मीळ ते सांगायचे तर, दोन लाखांहून अधिक सामन्यांच्या इतिहासात २०२३ अखेर असे अवघे २४ सामने झाले. ज्याच्या वहीत त्यांतला एक आहे, त्याचा आनंद खेळाडूच्या आनंदाहून वेगळ्या जातीचा असतो. त्याने काही केलेले नसते, परंतु तो तेथे होता.

‘मी तेथे होतो’ हे या दप्तराचे मूळ भांडवल आहे, आणि त्याचा मान राखण्याची रीत आपल्याला नवी नाही. शिवकालात आणि पेशवाईत वतनाचा किंवा हद्दीचा तंटा निवडून महजर लिहिला जाई, तेव्हा निवाड्याच्या सभेला कोण कोण बसले होते त्यांची नावे हुद्द्यांसह त्या कागदावर येत. ही हाजिर मजालस. ज्याला अक्षरओळख नव्हती अशा कुणब्याची नांगराची निशाणी तेथे उमटे, आणि पुढे दोन पिढ्यांनी तोच तंटा पुन्हा उपस्थित झाला की त्या निशाणीला मान असे. न्याय देणे त्या माणसाचे काम नव्हते. जे झाले ते आपल्या समक्ष झाले, एवढेच तो सांगत होता. पाहणाऱ्याच्या वहीचा अधिकार नेमका एवढाच आहे, आणि एवढाही पुष्कळ आहे.

या अधिकाराची मर्यादा येथेच सांगून टाकतो, कारण छंदाच्या भरात माणसे ती ओलांडतात. ‘मी गेलो की आपला संघ हरतोच’ असे म्हणणारे सद्गृहस्थ प्रत्येक गावात असतात, आणि वही उघडून ते पुरावाही दाखवितात. समजा, दोन्ही पक्ष तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामन्याचा कौल नाणेफेकीसारखा निम्मा-निम्मा आहे. असे वीस सामने पाहणारे शंभर प्रेक्षक घेतले, तर त्यांतल्या अकरा-बारा जणांच्या वहीत संघ चौदा किंवा अधिक सामने जिंकलेला, नाही तर चौदा किंवा अधिक सामने हरलेला आढळेल; आणि हे निव्वळ यदृच्छेने घडेल. ते अकरा-बारा जण स्वतःला शुभशकुनी किंवा अपशकुनी समजू लागतात, उरलेले अठ्ठ्याऐंशी काहीच बोलत नाहीत, आणि समजूत पक्की होत जाते. दुसरी गोष्ट निवडीची. बेसबॉलमध्ये आरंभीचे पिचर साधारणपणे पाच असतात आणि ते पाळीपाळीने उतरतात. ज्याला ठरावीक अंतरानेच मैदानावर जाणे जमते त्याच्या वाट्याला एखादा पिचर पुन्हा पुन्हा येतो आणि दुसरा कधीच येत नाही. घरच्या मैदानावर यजमान संघ शंभरात त्रेपन्न-चौपन्न वेळा जिंकतो, म्हणून फक्त आपल्याच गावी सामने पाहणाऱ्याची वही आधीच थोडी झुकलेली असते. तेव्हा ही वही संघाविषयी फार थोडे सांगते. ती सांगते पाहणाऱ्याच्या आयुष्याविषयी. आणि दुसरे म्हणजे, त्या एका दिवशी काय घडले त्याविषयी.

या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व अमेरिकेतच फार चांगल्या रीतीने सिद्ध झाले. डेलावेअर विद्यापीठात जीवशास्त्र शिकविणारे डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ साली रेट्रोशीट नावाची एक स्वयंसेवी संस्था काढली. जुन्या सामन्यांचे निकाल आणि गोषवारे उपलब्ध होते. परंतु प्रत्येक चेंडूगणिक, निदान प्रत्येक फलंदाजागणिक काय घडले, याचा तपशील हजारो सामन्यांच्या बाबतीत एका ठिकाणी कोठेच नव्हता. तो जमविण्यासाठी या मंडळींनी संघांची दप्तरे धुंडाळली, वार्ताहरांच्या वह्या मिळविल्या, आणि जेथे तेही हाती लागले नाही तेथे सामान्य प्रेक्षकांनी मैदानावर बसून भरलेल्या आणि पुढे माळ्यावरच्या पेटीत टाकून दिलेल्या कागदांचा उपयोग केला. कोणा अनामिकाने केवळ स्वतःच्या समाधानासाठी पेन्सिलीने उमटविलेले ते अंक एका राष्ट्रीय खेळाच्या इतिहासातील रिकाम्या जागा भरून गेले, आणि अधिकृत म्हणून छापल्या गेलेल्या आकड्यांतील चुकाही या तपासणीत उघडकीस आल्या. ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा माझ्या मनात बेसबॉल फार वेळ राहिला नाही; मला आमच्याकडच्या जत्रा आठवल्या.

पण जत्रांकडे जाण्यापूर्वी क्रिकेटविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण मालवणचा आणि क्रिकेटचा संबंध वरवरचा नाही. ज्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर घडला ते रमाकांत आचरेकर जन्माने मालवणचे. त्यांच्या शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. कांबळीच्या नाबाद ३४९, तेंडुलकरच्या नाबाद ३२६. शाळकरी मुलांचा सामना तो. दूरचित्रवाणीवर दाखविण्याचे कारणच नव्हते. जे उरले ते धावांच्या वहीत आणि त्या दिवशी मैदानावर असलेल्यांच्या स्मरणात. त्याच्याही चाळीस वर्षे आधी, डिसेंबर १९४८मध्ये, पुण्यास पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठेवाडाविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. त्या वेळच्या प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या जागतिक उच्चांकापासून ते नऊ धावा दूर असतानाच काठेवाडच्या संघाने पुढे खेळण्यास नकार दिला आणि तो डाव तसाच राहिला. भारतीयाने प्रथम दर्जाच्या सामन्यात केलेली ही आजही सर्वांत मोठी खेळी आहे. ती ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली, त्यांतल्या एखाद्याने त्या रात्री घरी जाऊन आपल्या शब्दांत दोन पाने लिहून ठेवली असतील, तर ती पाने आज कोणत्याही चषकाहून अधिक किमतीची ठरतील.

आकाशवाणीच्या काळात बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकत घरोघरी धावा मांडणारी मंडळी होती, आणि त्यांच्या वह्यांतली टापटीप पाहण्यासारखी असे. तरी ती ऐकीव नोंद. कानाने घेतलेली माहिती आणि डोळ्यांनी पाहिलेली घटना यांत साक्षीच्या दृष्टीने जे अंतर असते ते तेथेही होतेच. समालोचकाने जे सांगितले नाही ते त्या वहीत येऊ शकत नाही.

मालवणच्या बोर्डिंग ग्राउंडवर उन्हाळ्याच्या सुमारास टेनिस चेंडूच्या ज्या स्पर्धा होतात, त्यांचा प्रकार तर आणखीच वेगळा. मोजक्या षटकांचे सामने, रात्रीचे दिवे, ध्वनिक्षेपकावरून मालवणीत चाललेले समालोचन, कोणी मुंबईहून खास गाडी करून आलेले, कोणी गोव्याहून. एखादा रापणकऱ्याचा किंवा रिक्षावाल्याचा मुलगा त्या रात्री असा काही खेळतो की पुढची दोन वर्षे नाक्यावर त्याचेच नाव. परंतु त्याच्या धावा ज्या वहीत मांडल्या, ती वही बक्षीस-समारंभ आटोपला की मंडपाच्या सामानाबरोबर जाते. अलीकडे मोबाइलवर धावा मांडण्याची सोय झाली आहे आणि ती पुष्कळ ठिकाणी वापरतात, हे चांगलेच झाले. तरीही तिच्या आधीच्या कित्येक दशकांचा मजकूर कायमचा नाहीसा झाला, आणि त्या काळी जे कडेला उभे होते त्यांच्याखेरीज आता त्याला दुसरा दाखला नाही.

आता जत्रांकडे. तेथे देवळापुढे रात्रभर चालणाऱ्या दशावताराच्या बाबतीत ही हानी किती खोल आहे हे जाणून घ्यायचे तर त्याची घडण समजून घ्यावी लागते. कार्तिकात जत्रांना आरंभ होतो आणि पावसाळा जवळ येईपर्यंत आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मंडळी रोज एका गावी असतात: वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर, आरोलकर, चेंदवणकर, नेरूरचे कलेश्वर मंडळ आणि अशी इतर कितीतरी. पुष्कळ देवस्थानांच्या जत्रेला कोणती मंडळी यायची हे परंपरेने ठरलेले असते. देवाची पालखी प्रदक्षिणा करून आली, की मध्यरात्रीच्या सुमारास गणपतीचा प्रवेश होतो. रिद्धिसिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद पळविणारा संकासूर आणि त्याचा वध करणारा विष्णू. हे आडदशावतार आटोपले, की मुख्य आख्यान लागते ते पहाटेपर्यंत, आणि शेवटी दहीहंडी फुटून दहिकाला होतो. रंगभूमी म्हणावी तर मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडे. तेच सिंहासन, तोच पर्वत, तेच अंतःपुर. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. स्त्रीच्या भूमिका पुरुषच करतात, आणि चांगल्या स्त्रीपार्टीचा नट पदर सावरीत आला की समोर बसलेल्या बायकाही क्षणभर स्तिमित होतात.

या नाटकाला लिखित संहिता नसते, हा त्यातला मुख्य मुद्दा. कोणते आख्यान लावायचे हे रंगपटात ठरते; ज्येष्ठ नट प्रसंगांचा क्रम सांगतो, कोणी राजपार्टी, कोणी खलपार्टी, कोणी स्त्रीपार्टी करायची ते नेमून देतो, आणि मग प्रत्येक जण आपल्या पुराणाच्या व्यासंगावर आणि हजरजबाबीपणावर उभा राहतो. समोरच्या नटाने टाकलेला प्रश्न त्याला आधी ठाऊक नसतो, म्हणून उत्तरही त्याच क्षणी जन्मते. कीचकवधाचे आख्यान दोन गावी लागले म्हणजे ते एकच नाटक दोनदा झाले, असे कोणी समजू नये. एका गावी कीचक करणारा नट भीमाशी वादात रंगला असेल, दुसऱ्या गावी सैरंध्रीच्या गाऱ्हाण्याने सभा हेलावून गेली असेल. एका रात्री जे झाले ते पुन्हा होत नाही.

आणि ते लिहूनही राहत नाही. देवस्थानच्या जमाखर्चात बिदागीची रक्कम सापडेल; मंडळीच्या मालकाच्या वहीत गाव, तारीख आणि पैसे सापडतील; पण त्या रात्री आख्यान कोणते लागले, राजा कोणी केला, पखवाजावर कोण होता, हे लिहून ठेवण्याचा शिरस्ता कोठेच नाही. आमच्या मराठी व्यावसायिक रंगभूमीची गोष्ट निराळी. तेथे प्रयोगाचे क्रमांक जाहिरातीत छापले जातात, शतकमहोत्सव होतात. मालवणीला मुंबईच्या रंगमंचावर मानाने नेणारे गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली आले, आणि मच्छिंद्र कांबळींनी गाजविलेल्या या नाटकाचे प्रयोग पाच हजारांवर गेले, हा आकडा आज शाळकरी मुलालाही सांगता येतो. ज्या दशावताराच्या आणि गावच्या नाटकांच्या वातावरणातून ‘वस्त्रहरण’चा जन्म झाला, त्याच्या बाबी नालंग आणि बाबी कलिंगण यांच्यासारख्या थोर नटांनी आयुष्यात किती रात्री उभे राहून काढल्या, कोणत्या गावी कोणता प्रसंग त्यांनी अजरामर केला, त्याचा मात्र हिशेब नाही. ज्यांनी पाहिले ते सांगतात, आणि सांगणारे दरवर्षी कमी होत जातात.

सांगणाऱ्यांची ती जात फार मोठी आहे, हे मला मुद्दाम नमूद करायचे आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बाजारात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ‘काल खंयचा नाटक बघलंस?’ आणि दुसरा ‘राजा कोण होतो?’ त्यानंतर जे संभाषण चालते ते कोणत्याही समीक्षकाला मान खाली घालायला लावील असे असते: अमुक नटाचे गायन बसले आहे पण वाक्चातुर्य तसेच आहे, तमुक पोराने पाच वर्षांपूर्वी रामगडच्या जत्रेत साधा सेवक केला होता, आज तो राजपार्टीला लायक झाला. तुलना, कालक्रम, तपशील सगळे काही जिभेवर. बेसबॉलचा प्रेक्षक कागदावर जे करतो ते आमचा रसिक मनात करतो, आणि त्याच्या मनातले दप्तर त्याच्याबरोबर जाते.

काही घरांतून मात्र याची लेखी चिन्हे मी पाहिली आहेत. मालवणचेच सुपुत्र जयंतराव साळगावकर यांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढले, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील प्रत्येक स्वयंपाकघरात तारखांच्या चौकोनांतून दुधाचा आणि गॅसचा हिशेब लिहिला जाऊ लागला. आमच्याकडे त्याच चौकोनांत कधी ‘कुणकेश्वर’, कधी ‘आंगणेवाडी’ असे जत्रेचे गाव, कधी नुसते एखाद्या मंडळीचे नाव आणि त्यापुढे आख्यानाचे दोन शब्द आढळतात. वर्ष संपले की तो कागद मुलांच्या पुस्तकांना घालायला जातो किंवा चुलीत जातो. यापुढे तो जाऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

नोंद कशी करावी, हे बेसबॉलच्या वहीवरून सहज उचलता येते. मात्र तिचे रकाने आपले आपणच आखले पाहिजेत. तिथी आणि तारीख दोन्ही; गाव, देवस्थान आणि जत्रेचे निमित्त; मंडळीचे पूर्ण नाव; आख्यान; आणि त्यानंतर भूमिकांची यादी, नटाच्या नावासह. संकासूर करणाऱ्याचे नाव विसरू नये, कारण सभेला पहिल्यांदा मालवणीत हसविणारा तोच, आणि विस्मृतीत पहिल्यांदा जाणाराही तोच. पायपेटी, पखवाज आणि झांज यांवर कोण होते तेही लिहावे. संयुक्त दशावतार असेल, म्हणजे निरनिराळ्या मंडळींतले निवडक नट एकत्र आले असतील, तर कोण कोणत्या मंडळीचा हे स्पष्ट करावे. हल्लीच्या ट्रिकसीनच्या नाटकांत यांत्रिक करामत काय होती त्याचाही उल्लेख असावा, कारण कला कोठे वळते आहे ते त्यावरून पुढच्यांस समजेल. नाटक उभे राहिले किती वाजता, संपले किती वाजता, हेही महत्त्वाचे आहे. पहाटेपर्यंत चालणारे आख्यान कोणत्या वर्षांपासून कोणत्या गावात लवकर आवरू लागले, या प्रश्नाचे उत्तर अशा दोन अंकांखेरीज दुसऱ्या कशानेही मिळणार नाही. शेवटी एखादे वाक्य, एखादी जुगलबंदी, एखादे पद मनात राहिले असेल तर ते दोन ओळींत. हे सगळे त्याच सकाळी लिहावे. झोप झाल्यावर लिहू म्हटले, की नावे एकमेकांच्या जागी जाऊ लागतात.

कोणी म्हणेल, लिहिण्याच्या नादात पाहणे राहून जाईल. बेसबॉलच्या प्रेक्षकाचा अनुभव याच्या उलट आहे. पेन्सिल हाती असली की लक्ष अधिक जडते, कारण कोणी चेंडू अडविला हे न पाहिलेल्याला लिहिता येत नाही. दशावतारात तर नाटक चालू असता लिहिण्याची गरजही नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज जो तो मोबाइल वर धरून नाटक टिपतो, पुष्कळ प्रयोग आंतरजालावर संपूर्ण पाहावयास मिळतात, मग वही कशाला? त्या चित्रफितींचे मोल मी नाकारीत नाही. नटाचा आवाज, पखवाजाचा ठेका, युद्धाच्या वेळचे पदन्यास हे कोणत्याही वहीत येणार नाही. परंतु त्यांतल्या कितीतरी फितींवर गावाचे नाव नसते, नटाचे नसते, तारीख तर क्वचितच असते. आणि नामाभिधान नसलेले चित्र तीस वर्षांनी केवळ एक अनोळखी राजा म्हणून उरते. वही आणि चित्रफीत एकमेकींची पूर्तता करतात. शिवाय समोरच्या अंधारात बसलेल्या माणसाला त्या रात्री काय वाटले, हे टिपणारे यंत्र अद्याप निघालेले नाही, आणि नाटक तर त्याच माणसासाठी झालेले असते.

वीस सामन्यांच्या हिशेबात सांगितलेली मर्यादा येथेही ध्यानात ठेवावी. एका रसिकाच्या वहीवरून जिल्ह्यात कोणते आख्यान सर्वाधिक लागते हे ठरविता यायचे नाही. तो आपल्या आवडत्या मंडळीच्या मागे गेलेला असतो, जवळच्या गावांना गेलेला असतो, आणि सुट्टीच्या आदल्या रात्री अधिक गेलेला असतो. पण मालवणची एक, कुडाळची एक, वेंगुर्ल्याची एक, सावंतवाडीची एक, देवगडची एक अशा पाच वह्या शेजारी ठेवल्या, की चित्र पालटू लागते. एका वहीतली चुकलेली तारीख दुसरीने दुरुस्त होते. एकच नट एकाच रात्री दोन गावी दिसला तर कोणती नोंद खरी ते शोधावे लागते, आणि त्या शोधात मंडळीच्या जमाखर्चाची वही उघडली जाते, वयोवृद्ध नटाकडे जाऊन बसणे घडते. रेट्रोशीटच्या कार्यकर्त्यांनी नेमके हेच केले: एका कागदावर विश्वास न ठेवता दुसऱ्याशी ताडून पाहिले.

अशा वह्यांना जागा हवी, आणि जागा आपल्याकडे आहे. मालवणचे नगर वाचन मंदिर किंवा सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर यांसारख्या जुन्या ग्रंथालयांनी एक कपाट या कामी दिले, तर घराघरांतून विखुरलेली ही पाने एका छपराखाली येतील. वही देणाऱ्याने मधली दुधाच्या हिशेबाची किंवा औषधांच्या यादीची पाने फाडून टाकू नयेत. तारीख पटविण्यास पुष्कळदा तीच उपयोगी पडतात. जुनी ‘कालनिर्णये’ असतील तर तीही तशीच द्यावीत. ज्यांच्याजवळ कागद नाही परंतु आठवण आहे, अशांच्या जवळ बसून नातवंडांनी ती लिहून घ्यावी, आणि वर ‘आठवणीवरून’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे त्या सकाळी केलेली नोंद आणि चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण यांची सरमिसळ होणार नाही. कार्तिकातल्या पहिल्या जत्रेला अद्याप अवकाश असेल तर मधल्या काळात हे आठवणींचे काम उरकून घेता येईल; ते अधिक निकडीचे आहे.